खेळपटावर महाडची वाट : एक गटप्रकल्प



शाळेत प्रकल्प सांगितला की बहुतेक घरांत एकच प्रकार चालतो. पुठ्ठा वडिलांनी आणायचा, चित्रे दुकानातून विकत घ्यायची, गटात जिचे अक्षर चांगले तिने रात्री जागून सगळे लिहायचे आणि उरलेल्या पाच जणांनी खाली आपापली नावे घालायची. गुण मात्र सर्वांना सारखे! रेवसच्या सहा मुलामुलींना घेऊन पटावरचा खेळ तयार करायचे आम्ही ठरविले, त्याला हेच कारण होते. एकाने आखलेला पट दुसऱ्याने खेळून पाहिल्याशिवाय बरा की वाईट हे कळतच नाही. त्यामुळे येथे नुसते नाव घालून चालत नाही.

काम सुरू होण्यापूर्वीच एका ज्येष्ठ सभासदांनी शंका काढली, "भगवान बुद्धांनी असले खेळ वर्ज्य सांगितले आहेत ना?" शंका रास्त होती. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात अट्ठपद आणि दसपद, म्हणजे आठ व दहा घरांच्या पटांवरचे खेळ, यांची नावे आली आहेत. परंतु तेथे विषय श्रमणांच्या आचाराचा आहे. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त पाहावे. संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटा तेथे सांगितल्या आहेत व जुगार ही त्यांतली एक. तेव्हा आमच्या खेळात पैसा नाही, कागदी नोटाही नाहीत, असे मुलांनीच वहीत लिहून टाकले.

मुलांना प्रथम सापशिडीच करायची होती. सापशिडीचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप आणि शेवटी मोक्ष. पुढे १८९० च्या दशकात हाच खेळ इंग्लंडमध्ये मुलांसाठी विकला जाऊ लागला. आम्ही एक डाव मांडला. तो संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ह्यात मी काय केलं?" प्रश्न अचूक होता. सापाच्या तोंडी कोण जाणार ते कवडी ठरवते आणि त्या घरावर पाप मात्र खेळणाऱ्याच्या नावाने लिहिलेले असते. आपल्या आजी-आजोबांना हा हिशेब चांगला माहीत होता! पटाच्या नियमांत विचार दडलेला असतो तो असा. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली जमीनदारीचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी एका खेळाचे पेटंट घेतले. त्याच धर्तीवर पुढे 'मोनोपॉली' निघाला, पण तो जमिनी बळकावण्याच्या आनंदाचा खेळ झाला.

विषय शोधायला मात्र लांब जावे लागले नाही. रेवसच्या तोंडातून खाडीने आत गेले की धरमतर. १९२७ साली मुंबईहून महाडला जाण्याची एक सोयीची वाट ही होती. धरमतरपर्यंत पाण्यातून आणि पुढे मोटारीने. परंतु डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेसाठी २४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने निघाले ते या वाटेने नव्हे. बोट सरळ दक्षिणेला गेली आणि दासगाव बंदराला लागली. वाट लांबची होती. पण धरमतरच्या मोटारमालकांनी ऐनवेळी बहिष्कार घातला असता तर सगळेच अडकून पडले असते. दासगावाहून महाड पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. चालत गाठता येते. "म्हणजे ती बोट आपल्या खाडीत वळलीच नाही!" असे एक मुलगा म्हणाला, आणि खेळाचा विषय ठरला.

पट असा आखला. मुंबईहून महाडपर्यंत धरमतरच्या वाटेने २० घरे, दासगावच्या वाटेने ३०. फाशाऐवजी चार फोडलेले चिंचोके. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरे पुढे. नीट घासलेल्या चिंचोक्यांची सोळा दाने धरली तर शून्य एकदा, एक चारदा, दोन सहादा, तीन चारदा आणि चार एकदा पडावे. सरासरी दोन. म्हणजे लांबच्या वाटेला साधारण पंधरा दाने लागतील व शाळेच्या एका तासिकेत डाव संपेल.

कच्च्या पटावर धरमतरला आम्ही नियम केला होता की शून्य किंवा एक पडले तर मोटारवाला नाही म्हणतो, पुढच्या खेपेस पुन्हा दान टाका. पहिल्याच डावात सगळे धरमतरने गेले आणि हसतखेळत पोचले. मुले खूश झाली. पण वहीत इतिहासाची टिपणे ठेवणारी मुलगी अडून बसली. बहिष्कार काय चिंचोके टाकून ठरत होता काय? आणि नाही म्हटलेला मोटारमालक पुढच्या खेपेस हो म्हणतो काय?

नियम बदलला. 'मोटार आहे' आणि 'मोटार नाही' अशा दोन चिठ्ठ्या. त्यांतली एक न पाहता डावाच्या आरंभीच दहाव्या घराखाली पालथी ठेवायची. 'नाही' निघाली तर मुंबईला परत जायचे आणि दासगावचा रस्ता धरायचा. आता हिशेब पाहा. निम्म्या डावांत २० घरे, निम्म्यांत १० अधिक १० अधिक ३०, म्हणजे ५०. सरासरी ३५. दासगावने मात्र ठरलेली ३०. हे गणित फळ्यावर मांडल्यावर मुले बराच वेळ गप्प होती. तीच वाट बाबासाहेबांनी का निवडली, हे मला निराळे सांगावे लागले नाही.

एका गोष्टीबाबत मी हट्ट धरला. तथागतांचे किंवा बाबासाहेबांचे चित्र पटावर नको. पट जमिनीवर अंथरला जातो, त्यावर सोंगट्या सरकतात, मुलांचे पाय लागतात. चित्र पेटीच्या झाकणावर आतून लावले.

खरा वाद झाला तो शेवटच्या घरावरून. जो पहिला पोचेल त्याने पाणी प्यावे, तो जिंकला, असे दोघांचे म्हणणे होते. इतरांना ते पटेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते हजारोंना बरोबर घेऊन. म्हणून सर्व सोंगट्या काठावर आल्याशिवाय डाव पुढे जाणार नाही, असे ठरले. पण मग टिपणवाल्या मुलीने पुन्हा वही उघडली. आपली 'पद्मावती' डिसेंबरची आहे, आणि डिसेंबरात पाणी प्यायलेच नव्हते! १४ डिसेंबरला न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रह तहकूब झाला आणि तळ्याभोवती मिरवणूक निघाली. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजी.

मुले हिरमुसली. दोन दिवस पट तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. तळ्याभोवती १९२८ ते १९३७ अशी दहा घरे काढली. तेथे चिंचोके टाकायचे नाहीत. सर्व सोंगट्या एकत्र, प्रत्येक फेरीला एक घर पुढे सरकणार, मिरवणुकीसारख्या. घर आले की ज्याची पाळी त्याने त्या वर्षी काय घडले ते सांगायचे, नाही सांगता आले तर सगळे तेथेच थांबतील. १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह, १९३२ ला पुणे करार, १९३३ ला आपल्याच अलिबाग तालुक्यातला चरीचा शेतकरी संप, १९३५ ला येवल्याची घोषणा. १९३४ चे घर अजून कोरे आहे. ते कोणी भरायचे, यावर सध्या गटात भांडण चालू आहे.