चेटकिणीची भीती, धूमकेतूची भीती

मूल जादूचं पुस्तक घेऊन बसलं की आपला जीव उगाच खालीवर होतो, नाही? ‘त्यापेक्षा विज्ञानकथा वाच, डोक्यात काहीतरी शिरेल,’ असं आपण सगळेच म्हणून जातो. स्कॉलरशिप, मार्क, शेजारचा हुशार मुलगा... दिवसभराच्या दमणुकीत हे सगळं डोक्यात घोळत असतं. मुलाला मात्र एवढंच ऐकू येतं, की मला आवडतं ते फालतू.

या दोन प्रकारांतला फरक मला मुलांच्या भीतीतून जास्त कळला. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातली चेटकीण आली की मुलं किंचाळतात, कुशीत तोंड खुपसतात आणि मध्यंतरात वडा मागतात. चेटकिणीचं जग वेगळं, तिथले नियम तिथेच, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या विज्ञानकथेचं तसं नाही. पृथ्वीच्या रोखाने येणारा तो धूमकेतू आपल्याच आकाशातला असतो. पुस्तक मिटलं तरी भीती अंथरुणापर्यंत येते. मग ऐन झोपेच्या वेळी, ‘आई, असं खरंच होऊ शकतं?’

आपल्याला सकाळचा डबा दिसत असतो. ‘काही होत नाही, झोप,’ म्हणून दिवा घालवावासा वाटतो. चेटकिणीपुरतं ते चालतं. इथे खरी माहितीच लागते. होऊ शकतं, पण फार क्वचित, असं सरळ सांगावं. आणि हेही, की २०२२ मध्ये नासाने डार्ट नावाचं यान डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याच्याभोवती एक फेरी मारायला आता साधारण अर्धा तास कमी लागतो. म्हणजे असा दगड ढकलता येतो! मुलं यावर इतके प्रश्न विचारतात, की झोप आपलीच जाते.

जादूकथा आणि विज्ञानकथा यांच्यामधली सीमा तशी पुसटच. ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत माणसांना तोफेतून चंद्राकडे धाडलं. खरं तर त्या धक्क्याने कुणीच वाचलं नसतं. तरी गणित मांडायची खटपट होती. १९०१ च्या कादंबरीत वेल्सने गुरुत्वाकर्षण अडवणारं एक द्रव्यच कल्पून टाकलं, तेव्हा व्हर्न कुरकुरला.

मग ते द्रव्य आणि उडता गालिचा यांत फरक काय? रात्री जेवताना विचारून बघा. भांडणं होतील, पण मोबाइलकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.