दोरीवरची तीन बोटं

पोरी, धनुष्य हातात आलं की सगळ्यांना पहिली काळजी नेमाची. डोळा कुठे ठेवू, बाणाचं टोक कुठे धरू. तुझंही तेच चाललंय. नेम जरा बाजूला राहू दे. बांबूच्या धनुष्याला ना नेम धरायची साइट, ना ओढ पुरी झाल्याचं सांगणारा क्लिकर. या धनुष्याच्या स्पर्धेत, इंडियन राउंडमध्ये, ३० मीटर काय नि ५० मीटर काय, बाण कुठे जाणार हे बोटं दोरीवर टेकतात तेव्हाच बरंचसं ठरलेलं असतं. सुटताना करण्यासारखं काही उरत नाही. जे करायचं ते आधी, सावकाश, दोरी ओढण्यापूर्वी.

तर्जनी बाणाच्या वर, मधलं बोट आणि अनामिका बाणाखाली. हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. पण दोरी बोटाच्या नेमक्या कुठल्या जागी बसवायची, हे सहसा कुणी सांगत नाही. बोटाच्या टोकाची जी मऊ गादी असते, तिथे तर नाहीच. टोकाकडून पहिला सांधा येतो, त्याची घडी दिसते ना, तिच्यात दोरी बसली पाहिजे. आता तीन बोटांची लांबी सारखी नसते. मधलं लांब, म्हणून त्याच्यावर दोरी घडीच्या किंचित आत येईल. तर्जनीवर बरोबर घडीत, अनामिकेवर कदाचित घडीच्या थोडी टोकाकडे. येऊ दे. तिन्ही बोटं मोजून सारखी वाकवायला गेलीस की मनगटाला पीळ पडलाच म्हणून समज.

नव्या माणसाला वाटतं, दोरी टोकावर धरली तर सुटेल झटकन. उलट होतं. टोकावर धरलेली दोरी निसटेल या धास्तीनं बोटं आवळली जातात, मनगटापासून कोपरापर्यंत हातही ताठतो, आणि सोडायच्या वेळी ती आवळलेली बोटं मुद्दाम उघडावी लागतात. उघडताना एक आधी, एक मागाहून. दोरी वाकडी सरकते. घडीत नीट बसवलेल्या दोरीला आवळावं लागत नाही.

पाण्यानं भरलेली बादली कडीला धरून उचलताना आपली बोटं कशी असतात बघ. टोकं वळलेली, पण हाताची मागची बाजू सपाट, मनगट सरळ, आणि सगळं वजन कोपरापासून खाली ओढलेलं. धनुष्यावर तेच हवं. हाताची मागची बाजू फुगून वर आली की ओळखावं, ओढण्याचं काम पाठीकडून निघून बोटांकडे आलं. अंगठा आत घे आणि करंगळीकडे झुकवून ठेव. बाहेर राहिलेला अंगठा जबड्याला अडतो आणि हात रोज वेगळ्या जागी थांबतो.

वजन तिन्ही बोटांवर सारखं वाटू नकोस. सगळ्यात जास्त मधल्यावर, त्याखालोखाल अनामिकेवर, तर्जनीवर सगळ्यात कमी. तर्जनी आगाऊ असते. दिवसभर सगळी कामं तीच करते, म्हणून इथेही पुढे पुढे करते. तिनं जोर लावला की ती बाणाची खाच वरून दाबते. तर्जनी आणि खाच यांच्यामध्ये बारीकशी फट राहू दे, मधलं बोट मात्र खाचेला नुसतं टेकलं तर चालेल. ही फट आत्ता उगाच वाटेल. पण दोरी ओढत नेलीस की तिचा कोन मिटत जातो, बोटं एकमेकांजवळ येतात, आणि आधी जागा ठेवली नसेल तर खाच चिमटीत सापडते. धनुष्य जितकं आखूड, तितका हा कोन तीव्र. म्हणून लहान धनुष्यावर तीन बोटांनी ओढणाऱ्यांच्या बोटांना जास्त त्रास.

बाण ओढताना मुठीवरून बाहेर पडतो, अशी तक्रार सगळेच नवखे करतात. मग धनुष्य धरलेल्या हाताच्या तर्जनीनं बाण दाबून धरतात. नाचता येईना अंगण वाकडं! दुखणं दोरीकडे असतं. एक तर खाच चिमटलेली असते, नाहीतर ओढता ओढता बोटं उलट्या बाजूला वळून दोरीला चुकीचा पीळ देत असतात.

तुझ्या चुका मला तुझी बोटंच सांगतील. सरावानंतर हात दाखव म्हणतो, ते त्यासाठी. टोकाच्या गादीवर लाल रेघ किंवा फोड असेल, तर दोरी उथळ धरली होतीस. तर्जनी आणि मधल्याच्या आतल्या कडा, जिथे बाणाची खाच येते, तिथे सोलवटलं असेल, तर चिमटा. अनामिका अगदी कोरी असेल, तर ती बाईसाहेब कामावर आलीच नव्हती. दोनच बोटांनी ओझं उचललं. चांगल्या हाताच्या तिन्ही बोटांवर सांध्याच्या घडीपाशी फिकी खूण उठते आणि थोड्या वेळात जाते. बोटांची टोकं बधिर होऊन मुंग्या येत राहिल्या तर मात्र सराव थांबव आणि हलकं धनुष्य घे. सुरुवातीला २० ते २४ पाउंड पुष्कळ. मोठ्या पाउंडाची फुशारकी मारणाऱ्यांची अनामिका सगळ्यात आधी सुटते.

बोटं वाचवायला घालतात तो टॅब चामड्याचा वापर, आणि तो बोटांपेक्षा पुढे आलेला असेल तर कापून बेताचा कर. फार जाड टॅबमधून दोरी घडीत बसली की गादीवर हे कळत नाही. फार पातळ असला तर दोरी चावते आणि माणूस बिचकून हात काढून घेतो. पावसाळ्यात ओला टॅब दोरीला धरून ठेवतो. दोन टॅब असू देत. नखं कापलेली हवीत, हे सांगायला लागू नये.

आता सोडणं. बोटं उघडायची नाहीत. ओढणाऱ्या हाताच्या बोटांतला ताण गेला की दोरीच बोटांना ढकलून निघून जाते. हात मात्र ओढीच्या दिशेनं, गालाला लागून कानाखाली मागे सरकला पाहिजे. तो बाजूला उडाला तर त्याला प्लक म्हणतात. बोटांवरून निसटताना दोरी तशीही थोडी आडवी सरकते, त्यामुळे बाण वाकतो आणि वाकत वाकतच धनुष्याला वळसा घालून जातो. नीट सुटला तर दरवेळी सारखाच वाकतो. दोरी ओरबाडलीस की प्रत्येक बाण वेगळा वाकणार, मग बाणांचा ग्रुप कुठून यायचा?

मोबाईलवर तू तुर्की आणि मंगोल तिरंदाजांचे व्हिडिओ बघतेस, ते बघ जरूर. पण त्यांची दोरी अंगठ्यात असते. अंगठा दोरीभोवती आकड्यासारखा वळवायचा आणि वरून तर्जनीनं दाबायचा. अंगठा कापू नये म्हणून त्यात कडं घालतात. मोगलांची जेडची कडी आजही संग्रहालयांत दिसतात. त्या पद्धतीत उजव्या हाताचा तिरंदाज बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवतो, आपण डाव्या. कारण साधं आहे: अंगठ्याचा पीळ बाणाला एका बाजूनं धनुष्याला चिकटवतो, तीन बोटांचा दुसऱ्या बाजूनं. अर्धं त्यांचं आणि अर्धं आपलं घेतलंस तर बाण मुठीवर टिकणार नाही.

एकलव्याचा अंगठा गेल्यावर त्याचं काय झालं, असं सगळे विचारतात. महाभारतात लिहिलंय: तो पुढे बोटांनी बाण मारत राहिला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. आपल्या सातपुड्यातल्या भिल्लांबद्दल म्हणतात की त्याच्या मानापोटी ते तिरकामठ्याला अंगठा लावत नाहीत. ऑलिम्पिकमधले तिरंदाजही अंगठ्याविनाच दोरी ओढतात. आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, ती कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात. तिथे दोरी बोटांत नसतेच, रिलीजच्या यंत्रात असते. तिचं कौतुक कर, नक्कल बोटांची करू नकोस.

तिन्ही बोटं बाणाखाली धरणारेही भेटतील. बाण डोळ्याजवळ येतो, चिमटा जातो, जवळचं लक्ष्य छान लागतं. पण ५० मीटरवर टोक लक्ष्याच्या वर धरावं लागतं, आणि दोरीवर खाचेची खूण थोडी वर सरकवावी लागते. मी तुला वर एक, खाली दोनच सांगेन. सोयीसाठी आज हे, उद्या ते मात्र करू नकोस.

सराव चार पावलांवरून, गवताच्या भाऱ्यावर, डोळे मिटून कर. समोर कुणी नाही हे पाहूनच. लक्ष्य नसलं की बोटं कळतात.

आणि दोरीवर बाण नसताना ओढून सोडायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्याच्या अंगात परत जाते आणि बांबू तडकतो. चीर कुठे उडेल याचा नेम नाही. ओढल्यावर मन बदललं तर दोरी धरूनच हळूहळू पुढे आण.