तेल बंद केलं म्हणजे गाठ उपाशी राहते का?

पाचूबंदरला बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला बसून आम्ही बायकांशी मिश्रीविषयी बोलत होतो. एक ताई म्हणाल्या, “सिस्टर, आमच्या ह्यांना गालाच्या आत कर्करोग निघालाय. मोबाईलवर आलं होतं, तेलाने गाठ वाढते. पंधरा दिवस झाले, जेवणात तेलाचा थेंब नाही. आणि गाठ तोंडात असताना डॉक्टर मानही कापायची म्हणतात, म्हणून ऑपरेशन थांबवलंय.”

मोबाईलवरची ती गोष्ट अगदीच हवेतली नाही, म्हणून नीट समजून घेऊ.

आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे असते. एका पेशीच्या दोन झाल्या की नवे आवरण लागते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुप्पट होतात, त्यामुळे त्यांना चरबी जास्त लागते. काही त्या रक्तातून ओढतात, काही स्वतः तयार करतात. शिवाय चरबी जाळून ताकदही मिळवतात.

२०१७ साली बार्सिलोनातील साल्वादोर अझनार बेनिता यांच्या गटाने माणसाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांत वाढवून पाहिल्या. गाठीतल्या थोड्याच पेशींवर सीडी-३६ नावाचे प्रथिन भरपूर होते. चरबी आत घेण्याचा तो जणू दरवाजा. दुसरीकडे जाऊन रुजणाऱ्या पेशी याच. उंदरांना जास्त चरबीचा आहार दिला तर प्रसार वाढला. दरवाजा अडवला तर प्रसार रोखला गेला, पण मूळ गाठीवर विशेष परिणाम झाला नाही. २०२१ मध्ये याच गटाने दाखवले की प्रसार वाढवते ते पाल्मिटिक आम्ल. ऑलिव्ह तेलातल्या मुख्य आम्लाने तसे होत नाही. पामतेलात पाल्मिटिक आम्ल चाळीस टक्क्यांच्या वर असते, शेंगदाणा तेलात बरेच कमी. (२०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या ‘आनंदाचा शिधा’त एक लिटर पामतेलच होते. गरिबाच्या कढईत काय पडते, हे गरीब ठरवत नाही.)

मग त्या ताईंचे चुकले कुठे? एक तर हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. रुग्णाचा आहारतक्ता त्यातून निघत नाही. दुसरे, आपले यकृत भात, पाव, साखर यांपासूनही पाल्मिटिक आम्ल बनवते आणि कर्करोगाची पेशीसुद्धा ते घरच्या घरी बनवते. ताटातले तेल काढले म्हणून ती उपाशी राहत नाही. उपाशी राहतो तो माणूस. तोंड दुखत असते, चावता येत नाही, पुढे शेक द्यायचे असतात. वजन उतरले की उपचार सोसवत नाहीत, मध्येच थांबवावे लागतात. वॉर्डात आम्ही हे फार पाहिले आहे. पामतेलाऐवजी शेंगदाणा तेल वापरता आले तर जरूर वापरा, पण तेल तोडू नका. पेजेत, वरणात चमचाभर तेल, मऊ अंडे, काटे काढून कुस्करलेला मासा द्या. गिळवत नसेल तर नाकातून नळी घालायला घाबरू नका.

आता मानेचे. तोंडातला कर्करोग पसरतो तो बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत. हाताला काही लागत नसले तरी तिथे चार पेशी बसलेल्या असू शकतात. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी, मानेत गाठ लागत नाही अशा सुरुवातीच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्यात मानेत रोग दिसल्यावर. २०१५ साली निकाल छापून आला: तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के हयात होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. उंदरांचा नव्हे, माणसांचा हिशेब आहे हा. म्हणून डॉक्टर मानेचे बोलतात.

आणि मुळात तो कर्करोग तेलाने झालेला नसतो. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी आणि दारू यांनी तो होतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत न दुखणारी गाठ, यांतले काहीही दिसले तर दाखवून घ्या. खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

ताईंनी सगळे ऐकून घेतले आणि ऑपरेशनची नवी तारीख मागायला कोणता कागद लागेल ते विचारले. जाता जाता म्हणाल्या, “मग ताजे बोंबील शिजवून देऊ? त्याला तर चावायलाही लागत नाही.” आम्ही म्हटले, द्या, तिखट मात्र घालू नका.