अमरगोळचा धडा : पेटीच्या मधोमध हात घाला



आज एक धडा सांगायचाय. तो आम्ही बंदरावर नाही, एका मिरचीवाल्याकडून शिकलो.

आपली मासळीची गाडी आंबोली घाट चढून बेळगाव, धारवाड करत हुबळीला जाते. मागे सलग दोन खेपांना तिथल्या व्यापाऱ्याने बांगड्याचा भाव पाडला. "माल मऊ पडलाय," एवढंच म्हणाला. आम्ही सगळा राग ड्रायव्हरवर काढला. वाटेत थांबला असशील, गाडी उन्हात ठेवली असशील, असं बोलून त्याच्या भाड्यातून पैसेही कापले.

तिसऱ्या खेपेला आम्ही दोघं स्वतः गाडीत बसलो. गाडी कुठेच रेंगाळली नाही. धारवाड सोडून हुबळीच्या अलीकडे अमरगोळला चहाला थांबलो. तिथे मोठं मार्केट यार्ड आहे. सुक्या लाल मिरचीची पोती उतरत होती. एक म्हातारा व्यापारी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली मिरची बाहेर काढत होता. आम्ही विचारलं, "काका, वरची दिसतेय की चांगली!"

तो हसला. त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "वरची सगळ्यांचीच चांगली असते. ओल मध्ये राहते. आणि ती इथे येत नाही, खळ्यावरूनच येते."

आम्ही गाडीकडे गेलो, एक पेटी उघडली आणि मधोमध हात घातला. वर बर्फ, खाली बर्फ, आणि मधला बांगडा कोमट!

चूक ड्रायव्हरची नव्हती, होडीवरची होती. जाळं ओढल्यावर मासळी तशीच ढिगात पडून राहायची. मग पेटी भरायची आणि वरून बर्फाचे मोठे तुकडे टाकायचे.

हिशेब साधा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे तीन किलो मासळी 28 अंशांवरून शून्याजवळ आणतो. पण पुढे वाटभर बाहेरची उष्णता आत येत राहते, तिच्यासाठी वेगळा बर्फ लागतो. म्हणून उन्हाळ्यात, लांबच्या वाटेला, मासळी जेवढी तेवढाच बर्फ.

हे फक्त भावापुरतं नाही. बांगडा, कुपा अशी मासळी उबेत राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. ते खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. ते शिजवून जात नाही आणि नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. खाणाऱ्याच्या ताटात आपलंच नाव जातं.

तेव्हापासून आम्ही हे पाळतो :

1. मासळी होडीवर आली की लगेच सावलीत घ्यायची, धुवायची आणि बर्फात घालायची.
2. बर्फ बारीक फोडायचा. तळाला एक थर, मग मासळीचा पातळ थर, पुन्हा बर्फ, आणि शेवटी वर बर्फ.
3. पेटीच्या तळाची भोकं मोकळी ठेवायची. वितळलेलं पाणी साचू द्यायचं नाही.
4. गाडीत चढवण्याआधी एका पेटीच्या मधोमध हात घालून बघायचं.

ड्रायव्हरचे कापलेले पैसे आम्ही परत दिले आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. पैसे देणं सोपं गेलं, माफीचे दोन शब्द काढताना जीभ जड झाली. पण तांडेलाचा पोरगा बाजूला उभा राहून सगळं बघत होता. त्याला बर्फाचा हिशेब आम्ही शिकवूच. चूक कशी कबूल करायची, ते त्याने त्या दिवशी आमच्याकडे बघूनच शिकायचं होतं.

उद्या पेटी भराल तेव्हा झाकण लावण्याआधी एकदा हात घाला. गार लागला तरच गाडी सोडा.