सीझन संपल्यावरचं दावोस

महाबळेश्वरची उंची 1372 मीटर आणि दावोसची 1560. नवऱ्यानं हे आकडे मला पुण्याच्या घरी जेवताना वाचून दाखवले आणि म्हणाला, "बघ, दोनशे मीटरचा तर फरक." मी वाईची. माझ्या मामांचं महाबळेश्वरला चणे आणि चिक्कीचं दुकान आहे. पसरणीचा घाट मी ओकत, झोपत, भावंडांशी भांडत शेकडो वेळा चढले आहे. डोंगरातलं छोटं गाव मला कोणी शिकवायला नको, अशा थाटात मी बॅगा भरल्या. त्या थाटाचे हप्ते पुढे बरेच दिवस फेडत होते, म्हणून हे लिहितेय.

दावोस म्हटलं की आपल्या घरांत एकच चित्र उभं राहतं: जानेवारी, टीव्ही, कोटातले मुख्यमंत्री आणि गुंतवणुकीचे करार. प्रत्यक्षात ते स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातलं जेमतेम 11,000 वस्तीचं गाव आहे. नवऱ्याला तिथल्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांचं काम मिळालं. मुलाखतीसाठी त्याला जुलैमध्ये बोलावलं तेव्हा आम्ही तिघंही गेलो. खिडक्याखिडक्यांत लाल फुलं, तळ्याकाठी छत्र्या, चौकात बँड. मुलगा पाच वर्षांचा, तो तर लाल रेल्वेच्या प्रेमातच पडला. चार दिवसांत आम्ही घर पाहिलं, सही केली आणि ऑगस्टअखेर राहायला आलो.

ऑक्टोबर संपता संपता गाव मिटलं. डोंगरावर जाणारे पाळणे बंद, हॉटेलांच्या खिडक्यांना लाकडी झडपा, बेकरीच्या दारावर डिसेंबरपर्यंतच्या सुट्टीची चिठ्ठी. बर्फ अजून बसला नव्हता. हिरवंही नाही आणि पांढरंही नाही, नुसतं ओलं करडं. दिवाळी नेमकी याच दिवसांत आली. पाडव्याला नवा सदरा घातलेल्या मुलाला घेऊन मुख्य रस्त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, तर वाटेत कुत्रं फिरवणारे एक आजोबा तेवढे भेटले.

लाज याची वाटते, की हे मला माहीत असायला हवं होतं. मामा पाऊस लागला की दुकानाला पत्रे ठोकून वाईला उतरायचे. महाबळेश्वरचा जून कसा असतो हे आमच्या घरात कोणी कोणाला सांगत नसे, इतकं ते अंगवळणी पडलेलं. तरी मी परदेशातलं सीझनचं गाव भर सीझनमध्ये बघून तिथे दोन वर्षं राहायला होकार दिला. तुमचं असं काही ठरत असेल, तर पहिली भेट नोव्हेंबरमध्ये द्या, नाहीतर मे महिन्यात. तेव्हा जे गाव दिसेल, त्यात तुम्हाला राहायचं आहे.

घराचंही तेच. आमचं घर याकोबशॉर्न डोंगराच्या पायथ्याशी होतं. जुलैत तिथे सावली होती आणि ती मला फार सुखाची वाटली. डिसेंबरमध्ये ऊन सकाळी अकराला यायचं आणि दोनच्या आत जायचं. समोरच्या उतारावर मात्र दिवसभर लख्ख. तिकडे जुनी क्षयरोग्यांची आरोग्यधामं आहेत, दक्षिणेकडे तोंड केलेल्या लांबलचक सज्ज्यांची. त्या सज्ज्यांत रोगी कांबळी पांघरून तासन्‌तास पडून राहत. टोमास मान 1912 मध्ये इथे बायकोला भेटायला आला आणि त्यातून पुढे त्याची 'जादूचा डोंगर' ही कादंबरी झाली, ती या सज्ज्यांवरच. ऊन कुठे असतं हे गावाला शंभर-दीडशे वर्षांपासून माहीत आहे. फक्त घर दाखवणारा माणूस ते आपण होऊन सांगत नाही. विचारा: डिसेंबरात ऊन किती वाजता येतं, कुठल्या खोलीत येतं? शेजाऱ्यालाही विचारा, तो खरं सांगतो.

आणि भाडेकरार शेवटपर्यंत वाचा. आमचा करार जर्मनमध्ये, सात पानी. मी पुण्याला मॅक्समुल्लर भवनात दोन पातळ्या पार केल्या होत्या, त्यामुळे मला 'साधारण कळत होतं'. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याची, ती बँकेतल्या वेगळ्या खात्यात अडकून राहते, सोडायचं तर तीन महिने आधी कळवायचं, इथपर्यंत कळलं. सहाव्या पानावरचं एक वाक्य मात्र मी डोळ्यांखालून घातलं आणि पुढे गेले. नोव्हेंबरमध्ये मालकिणीचं नम्र पत्र आलं तेव्हा ते शब्दकोश घेऊन पुन्हा वाचलं. जानेवारीतल्या त्या जगप्रसिद्ध परिषदेच्या काळात भाडेकरूनं घर दहा दिवस रिकामं करून द्यायचं होतं.

ही परिषद 1971 पासून भरते आणि त्या दिवसांत गावातल्या खोल्यांचे दर ऐकून माणसानं खाली बसावं. मालकीण वाईट नव्हती, त्या दिवसांचं भाडं तिनं कापून दिलं. पण आम्हाला बालवाडीतून रीतसर परवानगी काढून, दोन बॅगा आणि कुकर घेऊन खाली कूर शहरात एका लहानशा खोलीत जावं लागलं. तिथे असताना आत्याचा फोन आला, "टीव्हीवर तुमचं दावोस दाखवतायत! आपले मुख्यमंत्री भेटले का गं?" मी म्हटलं, "नाही आत्या, त्यांच्या मंडळींना जागा व्हावी म्हणून आम्हीच बाहेर पडलोय." तिला ती थट्टा वाटली.

पण सगळ्यात महाग पडला विमा. इथे जरा थांबते, कारण आपली बहुतेक माणसं इथेच फसतात.

स्वित्झर्लंडमध्ये आल्यावर 14 दिवसांत गावच्या कचेरीत नाव नोंदवायचं असतं आणि तीन महिन्यांत आरोग्य विमा घ्यावाच लागतो. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. आम्ही ठरवलं, मुदत तीन महिन्यांची आहे ना, मग घेऊ शेवटच्या आठवड्यात, तेवढे हप्ते वाचतील. वाचत नाहीत. विमा लागू होतो आल्या दिवसापासून आणि हप्तेही त्याच दिवसापासून मोजतात. तीन महिन्यांचं बिल एकदम आलं.

दुसरी हुशारी फ्रांशीझची. वर्षाकाठी पहिले किती फ्रँक तुम्ही स्वतः भरणार, ते निवडायचं असतं. मोठ्या माणसासाठी 300 पासून 2500 पर्यंत. आकडा मोठा घेतला की हप्ता कमी. मी धडधाकट, वय छत्तीस, सर्दीपलीकडे काही नाही. 2500 वर खूण केली.

तिसरी हुशारी सगळ्यांत शहाणपणाची वाटली होती. अर्जात एक चौकट असते: अपघाताचा विमा यात हवा की नको? नवऱ्याच्या सहकाऱ्यानं सांगितलं, "नको म्हणा, संस्थेकडून मिळतो." खरं होतं, पण नवऱ्यापुरतं. आठवड्याला किमान 8 तास नोकरी करणाऱ्याला घरीदारी झालेल्या अपघाताचंही संरक्षण मालकाकडून मिळतं. मी नोकरीत नव्हते. मी आणि मुलगा, आमच्या दोघांच्या अर्जांत ती चौकट भरायला हवी होती. मी तिघांच्याही अर्जांवर 'नको' लिहून मोकळी झाले.

फेब्रुवारीत एका सकाळी मुलाला बालवाडीच्या वळणावर सोडून परत येत होते. आदल्या दुपारी छपरांवरचं पाणी रस्त्यावर उतरलं होतं, रात्री ते गोठलं. असा बर्फ पांढरा नसतो, दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. पायात माझे पुण्याहून आणलेले, तळवा गुळगुळीत झालेले बूट. पडताना हात पुढे गेला आणि मनगटातून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. कोणीतरी 144 ला फोन केला. रुग्णवाहिकेत पडल्या पडल्या मी दुखण्यापेक्षा त्या चौकटीचाच विचार जास्त करत होते.

मग पत्रांचा सिलसिला. कायद्यानंच अपघाताचं संरक्षण सक्तीचं असल्यामुळे कंपनीनं हात झटकले नाहीत, पण मागचे सगळे फरकाचे हप्ते वसूल केले. उपचाराचे पहिले 2500 माझे. त्यापुढच्या खर्चाचे दहा टक्के माझे, वर्षाला जास्तीत जास्त 700 पर्यंत. रुग्णवाहिकेचं तर निम्मंच मिळतं, तेही वर्षाला 500 च्या आत. बर्फात उतरणाऱ्यांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं तर काय, म्हणून इथले लोक रेगा या बचाव संस्थेला दरवर्षी थोडी वर्गणी देतात. आता आम्हीही देतो. आणि पहिल्या हिवाळ्याआधी गावातल्या दुकानातून बुटांना लावायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घ्या. चाळीस रुपयांच्या वस्तूला किती फ्रँक मोजायचे, असं मनात येईल. गप्प मोजा.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट. प्लास्टरातला हात घेऊन बसले होते आणि दुपारी दीडला भोंगा सुरू झाला, चढता-उतरता, मिनिटभर. मी सपाता घालूनच जिन्यात पळाले. हिमकडा कोसळला, दुसरं काय? खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून शांतपणे सूप पीत होत्या. फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी साऱ्या देशात भोंग्यांची चाचणी असते. आल्या आल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

भाषेचं थोडक्यात सांगते. मॅक्समुल्लर भवनातली जर्मन पत्रं वाचायला उपयोगी पडते आणि त्यासाठी ती शिकाच. पण लोक बोलतात स्विस बोली. मुलगा बालवाडीत महिनाभर मुका बसला. मग एक दिवस गळ्यातला तो नारिंगी चमकता त्रिकोण न काढताच स्वयंपाकघरात आला आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "खुखीखेश्टली." तो ख आपला नाही, घशात माशाचा काटा अडकल्यावर निघतो तो. मला अजून येत नाही. इथली पोरं पाच वर्षांची असल्यापासून एकटी चालत जातात आणि दुपारी जेवायला घरी येतात, त्यामुळे आईला दुपारच्या वेळेची नोकरी मिळणं कठीण. माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी होती, तरी पहिलं वर्ष त्यातच गेलं.

माणसं मिळाली ती मंडळात. इथे सगळं गाव मंडळांवर चालतं: गाण्याचं, नेमबाजीचं, बायकांच्या व्यायामाचं. वर्गणी, इतिवृत्त, वार्षिक सभा, कॉफीच्या खर्चावर हात वर करून मतदान. आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळापेक्षा शिस्त जास्त, भांडणं तितकीच. हात बरा झाल्यावर मी व्यायामवाल्या बायकांत गेले. तोवर शेजाऱ्यांशी माझं नातं धुण्याच्या खोलीपुरतं होतं. तळघरात सामाईक यंत्र, आमचा वार एका आड एक गुरुवार, आणि काम झाल्यावर जाळीतला कापसासारखा लगदा बोटानं खरवडून काढायचा. एकदा राहिला तर दारावर चिठ्ठी लागली होती. ती चिठ्ठी लिहिणारी तिसऱ्या मजल्यावरची बाई व्यायामात माझ्या शेजारी निघाली. चौथ्या आठवड्यात तिनं मला 'दू' म्हटलं. म्हणजे 'अहो'वरून 'अगं'वर आलो. त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला.

मे महिन्यात गाव पुन्हा मिटलं. मामांचा व्हिडिओ फोन आला तेव्हा त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फोन बाहेर वळवून त्यांनी गाड्यांची रांग दाखवली. मी खिडकीतून आमचा रस्ता दाखवला. मामा बघत राहिले. "सीझन संपला होय तुमचा? मग वर कशाला बसलीयस? उतर की खाली."

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची भेटली, हातात बॅग. आल्प्सच्या पलीकडे टिसिनोला निघाली होती, तिकडे ऊन असतं म्हणून. इमारतीतले बाकीचे आधीच गेले होते. "तुम्ही नाही उतरत?" तिनं विचारलं. म्हटलं, यंदा नाही, पुढच्या वर्षी. तिनं खिशातून धुण्याच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "घे. दोन आठवडे सगळे वार तुझेच. जाळी मात्र साफ कर."