एका घरांतील दोन मुलगे

ह्या आठवड्याचा पाठ उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायांतील १९ ते ३४ ह्या वचनांवर आहे. मंडळींतील कुटुंबांनीं तो घरच्या उपासनेंत, मुलें जागीं असतांना, मोठ्यानें वाचावा, व पुढल्या दोन-तीन संध्याकाळीं २७ वा अध्यायही वाचून पुरा करावा. हा पाठ शिकवितांना आपण बहुधा एसावाच्या अविचाराकडे बोट दाखवितों. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत त्याविषयीं इशारा दिलेलाच आहे, व तो योग्य आहे. पण एसाव व याकोब हे कांहीं आकाशांतून पडले नव्हते. ते एका घरांत, एका चुलीपाशीं, त्याच आईबापांच्या देखत वाढले. आज आम्ही त्या घराकडे पाहणार आहों. कारण आपल्या मंडळ्यांत दोन मुलगे असलेलीं घरें पुष्कळ आहेत, आणि ज्यांचे दोन मुलगे मोठे होऊन एकमेकांच्या अंगणांत पाय ठेवीत नाहींत अशींही घरें कमी नाहींत.

हीं मुलें नकोशीं झालेलीं नव्हतीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. इसहाकाचें लग्न झालें तेव्हां तो ४० वर्षांचा होता, व मुलें झालीं तेव्हां ६० वर्षांचा. मधलीं २० वर्षें पाळणा रिकामा होता, आणि इसहाकानें आपल्या बायकोसाठीं परमेश्वराची विनवणी केली होती. म्हणजे हें प्रार्थना करणारें घर होतें. प्रार्थनेनें मिळालेलीं मुलें ज्या घरांत वाढलीं त्याच घरांत पुढें एवढी फूट पडली, हें वाचून आम्हांस प्रत्येक वेळीं धक्का बसतो. घरांत उपासना होते एवढ्यावर आपण फार विसंबतों.

त्या फुटीचें कारण २८ व्या वचनांत आहे, आणि तें वचन फार लहान आहे. बापाची प्रीति एसावावर, आईची याकोबावर. बापाच्या प्रीतीचें कारणही तेथेंच दिलें आहे : एसाव शिकार करून आणी, व तें मांस इसहाकाला आवडे. आईच्या प्रीतीचें कारण लिहिलेलें नाहीं. एसाव रानांत फिरणारा व याकोब डेऱ्यांत राहणारा होता. तेव्हां दिवसभर जो मुलगा डोळ्यांसमोर असे त्याच्याकडे तिचें मन ओढलें असेल, असें समजण्यास हरकत नाहीं. आईबापांपैकीं कोणीं कोणास मारिलें, उपाशीं ठेविलें किंवा घराबाहेर काढिलें, असें येथें कांहींच नाहीं. केवळ आवड आहे. एकाचा उपयोग होतो, दुसऱ्याचा सहवास घडतो, आणि आईबापांची माया नकळत दोन वाटांनीं वाहूं लागते.

हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, कारण आमच्याही घरीं दोन मुलगे वाढले. थोरल्याचा हात कामाला चालत असे. गोठा, पाणी, बाजारहाट, कांहींही सांगा, तो उठे. धाकटा पुस्तक घेऊन दाराशीं बसे, व रविवारच्या शाळेंत वचनें घडाघडा म्हणून दाखवी. पाहुणे आले कीं आम्ही कौतुकानें म्हणत असूं, “हा आमचा हुशार, आणि हा आमचा कामाचा.” दोघांचीही स्तुतीच केली असें आम्हांस वाटे. एके दिवशीं थोरल्याची वही आम्हीं सहज उघडली. गणितें अर्ध्यावर सोडलेलीं होतीं. “हीं पुरीं कां केलीं नाहींस?” असें विचारतां तो मुळींच न रागावतां म्हणाला, “बाबा, हुशार तो आहे ना?” तेव्हां तो दहा वर्षांचा होता. आम्हीं दिलेलें नांव त्यानें मुकाट्यानें घेतलें होतें. धाकट्याचेंही नुकसान झालेंच होतें. पाण्याची घागर उचल म्हटलें कीं तो भावाकडे पाही. ते दोन शब्द आम्हीं त्या दिवसापासून टाकिले. पण मुलांच्या मनांतून ते काढण्यास जितके दिवस लागले तितके ते घालण्यास लागले नव्हते.

आतां त्या वरणाकडे येऊं. मसूर आपल्या वाचकांस नवी नाहीं. याकोब वरण शिजवीत आहे, एसाव रानांतून थकून आला आहे. त्याला इतकी भूक लागली आहे कीं पदार्थाचें नांवसुद्धां तो घेत नाहीं. नुसतें तांबडें तें मला दे, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ आहे, आणि त्यावरूनच त्याला अदोम, म्हणजे तांबडा, हें नांव पडलें. शाळेंतून आलेलें पोर दप्तर फेंकून चुलीवरच्या भांड्याकडे बोट दाखवितें, तसाच हा प्रकार. दुसऱ्या कोणत्याही घरीं भावानें थाळी भरून दिली असती. येथें मात्र आधीं सौदा, मग शपथ, आणि मग भाकर व वरण. ह्या प्रसंगीं आई किंवा बाप जवळ असल्याचा उल्लेख नाहीं. दोघे भाऊच आहेत, आणि त्यांचे मोठेपणापूर्वींचें लिहून ठेविलेलें संभाषण एवढें एकच आहे.

आईबाप जवळ नसतांना भाऊ एकमेकांशीं कसे वागतात, तें आईबाप जवळ असतांना काय घडत असतें त्यावर पुष्कळ अवलंबून असतें. ज्या घरांत आणलेल्या वस्तूच्या मोबदल्यांत माया मिळते, तेथें धाकट्यानें वरणाच्या मोबदल्यांत कांहीं मागितलें ह्यांत नवल तें काय? एसावानें मांस देऊन बापाची मर्जी मिळविली. याकोबानें वरण देऊन भावाचा हक्क मिळविला. चाल एकच आहे.

हा ज्येष्ठत्वाचा हक्क म्हणजे काय? पुढें मोशेच्या नियमशास्त्रांत तो स्पष्ट केलेला आढळतो. अनुवादाच्या २१ व्या अध्यायांत थोरल्यास दुप्पट वांटा सांगितला आहे, आणि तो नावडतीचा मुलगा असला तरी त्याचा हक्क आवडतीच्या मुलास देतां येत नाहीं, असा निर्बंध घातला आहे. बापाच्या आवडीनिवडीला नियमशास्त्रानें घातलेला हा बांध आहे. आपल्याकडे ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र केलेलें नसल्यास त्याप्रमाणें सर्व मुलांमुलींस सारखा वांटा मिळतो. थोरल्यास अधिक कांहीं नाहीं. परंतु आपल्या घरांत थोरलेपणाचा हक्क नसला तरी थोरलेपणाचा दंड मात्र आहे. दोन मुलांचें भांडण झालें कीं आपल्या तोंडीं ठरलेलें वाक्य येतें : “तूं मोठा ना, मग सोड.” भोवरा कोणाचा होता, पहिल्यानें कोणीं ओढला, ह्याची चौकशी नाहीं. थोरला रोज सोडतो, आणि मोठें असणें ही एक शिक्षा आहे असें शिकतो. धाकटा रोज रडतो, आणि रडण्याला किंमत येते असें शिकतो. उलट धाकट्याच्या अंगावर सदा भावाचा आंखूड झालेला सदरा. नवें कापड म्हणजे काय तें त्याला एका नाताळाखेरीज ठाऊक नसतें. ह्या गोष्टी क्षुल्लक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. सात वर्षांच्या मुलाला दुसरी कोणती मालमत्ता असते?

आमच्या ओळखीच्या एका घरीं अशीच पहिल्या भाकरीवरून रोज संध्याकाळीं रडारड होत असे. तव्यावरून उतरलेली पहिली, फुगलेली, गरम भाकर दोघांनाही पाहिजे. त्या माउलीनें उपदेश केला नाहीं. तिनें वार लावून दिले : सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरल्याचे, मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याचे. रविवार उरला. तेव्हां धाकट्यानेंच विचारिलें, “आई, तुला पहिली भाकर कधीं मिळते?” तेव्हांपासून रविवारीं पहिली भाकर आईची, आणि ती तिच्या ताटांत वाढण्याचा मान दोघांचा. गूळ किंवा केळें वांटावयाचें असल्यास त्या घरीं एकानें दोन भाग करावे व दुसऱ्यानें आधीं उचलावा, अशी जुन्या बायकांची रीत पाळतात. कापणाऱ्याचा हात इतका काळजीपूर्वक चालतो कीं सोनाराचाही तसा चालत नसेल. ह्या मुलांचीं भांडणें अजून होतात. पण न्याय आवाज मोठा करून मिळत नाहीं एवढें तीं जाणतात.

पुन्हां इसहाकाच्या घरीं जाऊं. २७ व्या अध्यायांत कोण कोणाशीं बोलतें तें वाचकांनीं बोट ठेवून पाहावें. इसहाक एसावाशीं बोलतो. रिबका याकोबाशीं बोलते. इसहाक याकोबाशीं बोलतो तेंही तो एसाव आहे असें समजून. रिबका एसावाशीं एक शब्दही बोललेली ह्या अध्यायांत आढळत नाहीं. आणि पतिपत्नी? आपला नवरा कोणत्या मुलाला आशीर्वाद देणार आहे हें तिला त्याच्याकडून कळत नाहीं. तो एसावाशीं बोलत असतां तें तिच्या कानीं पडतें. मुलें पोटांत असतांना परमेश्वरानें तिला त्यांच्याविषयीं सांगितलें होतें. तें तिनें नवऱ्याला सांगितल्याचा उल्लेख शास्त्रांत कोठेंच नाहीं. अध्यायाच्या अगदीं शेवटच्या वचनांत ती इसहाकाशीं बोलते, तेंही सुनांच्या त्रासाविषयीं, व याकोबाला दूर पाठविण्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. आमच्या मतें ह्या घराचें खरें दुखणें येथें आहे. दोन भावांमध्यें भिंत उभी राहिली तिचा पाया आईबापांच्या अबोल्यांत आहे.

त्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून हंसावें कीं रडावें तें समजत नाहीं. रिबकेनें कळपांतलीं दोन करडें आणवून त्यांचें असें रुचकर पक्वान्न केलें कीं इसहाकानें तें शिकारीचें मांस समजून खाल्लें. ज्या चवीसाठीं त्यानें एका मुलाला जवळ केलें व दुसऱ्याला दूर ठेविलें, ती चव त्याच्या स्वतःच्या कळपांत व त्याच्या बायकोच्या हातांत होती.

हें सर्व घडलें तेव्हां भाऊ लहान नव्हते. योसेफाचें व याकोबाचें वय जेथें जेथें दिलें आहे (४१ व्या, ४५ व्या व ४७ व्या अध्यायांत), ते आंकडे जुळविले तर याकोब घरांतून निघाला तेव्हां ७७ वर्षांचा येतो. बालपणीं लागलेली तऱ्हा इतकीं वर्षें टिकली. रिबकेनें त्याला सांगितलें कीं थोडे दिवस हारानास जाऊन राहा. बैर-शेबाहून हारान ७०० किलोमीटरांहून अधिक दूर. ते थोडे दिवस म्हणजे २० वर्षें झाले. तो परतल्यावर माय-लेंकरांची भेट झाल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. तिच्या दाईच्या मरणाची हकीकत ३५ व्या अध्यायांत आहे, पण रिबकेच्या स्वतःच्या मरणाची नाहीं. मकपेलाच्या गुहेंत तिला पुरिलें एवढेंच पुढें याकोबाच्या तोंडून समजतें. ज्या मुलासाठीं तिनें सर्व केलें, तो तिच्यापासूनच गेला. आणि तोच मुलगा पुढें बाप झाल्यावर आपल्या बारा मुलांतून एका योसेफाला वेगळा झगा करून देतो.

आपल्या घरांत काय करावें ह्याविषयीं आम्हांस फार सांगावयाचें नाहीं. पण एक गोष्ट आम्हीं करून पाहिली आहे. मुलें निजल्यावर आठवड्यांतून एकदां नवराबायकोंनीं दोन्ही मुलांविषयीं बोलावें, आणि आईच्या लाडक्याचा गुण बापानें सांगावा, बापाच्या लाडक्याचा आईनें. प्रथम जड जातें. कधीं कधीं सांगण्यासारखें कांहीं सुचतच नाहीं, आणि मग दुसऱ्या दिवशीं त्या मुलाकडे जरा नीट पाहावें लागतें. पुस्तकवेड्याला बापानें शेतांत बरोबर न्यावें. रानांत भटकणाऱ्याला आईनें चुलीपाशीं बसवून भाकर थापावयास शिकवावें. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील बापालाही दोन मुलगेच होते. एकासाठीं तो धांवत गेला, आणि दुसऱ्यासाठीं भरली पंगत सोडून बाहेर आला. थोरल्यासाठीं तो बाहेर आला ही गोष्ट आपल्या उपदेशांत फार वेळां राहून जाते.

याकोब परत आला तेव्हां एसाव ४०० माणसें घेऊन सामोरा येत होता. याकोबानें सात वेळां भूमीपर्यंत लवून नमन केलें. एसावानें धांवत येऊन त्याला मिठी मारिली, त्याचें चुंबन घेतलें, आणि दोघेही रडले. ह्या वेळीं आधीं भाव ठरला नाहीं. याकोबानें देऊं केलेलीं जनावरें एसाव प्रथम घेतही नव्हता. आपल्यापाशीं पुष्कळ आहे, तुझें तुला असो, असें तो म्हणाला. पुढें इसहाक १८० वर्षांचा होऊन हेब्रोनाजवळ मम्रे येथें मरण पावला, तेव्हां एसाव व याकोब ह्या दोघांनीं मिळून त्याला मूठमाती दिली. ते त्या वेळीं १२० वर्षांचे होते.