भुकेची आठवण

झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली होती. अंगावर पुरेसे वस्त्र नव्हते. तेव्हा एका बहीणभावंडांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत शिरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. आईवडील व थोरली बहीण दुष्काळात दगावली होती. रानबोरे आठळ्यांसकट गिळून ही भावंडे दिवस कंठीत होती. त्यांतील बहीण म्हणजेच पंडिता रमाबाई.

इ. स. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम या ठिकाणी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करीत होत्या. "ही माया कोठून येते?" असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली. त्या तडक तेथे गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांच्यासाठी 'मुक्तिसदन' उभे राहिले. तेथे मुली लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती व छपाई शिकल्या. अंध मुली ब्रेल लिपी बोटांनी वाचू लागल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. मुक्तिसदनाचे कार्य मात्र आजही चालू आहे. भूक सोसलेल्याला भुकेल्याची हाक आधी ऐकू येते. त्या हाकेला धावून जाणे हीच रमाबाईंची ईश्वरभक्ती होती.